मुरमांवर कोणतं मलम?

पूर्णेतल्या तरुण मुलामुलींनी मुरमांसाठी ट्यूब घेण्याआधी हे ऐकावंच. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं. 2.5 टक्क्यांचंही पुरतं. 10 टक्क्यांच्यानं आग जास्त होते. टॉवेल, उशीचा अभ्रा यांचा रंग मात्र ते उडवतं. अडापलिन बुजलेली रंध्रं मोकळी करतं. ते रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला लावावं, गरोदरपणात टाळावं. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक एकटं वापरलं तर जंतू त्याला सरावतात. गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात, पंधरा दिवसांत सोडू नका. आणि गोरेपणासाठी मिळणारी स्टेरॉइडची मलमं? कळकळीनं सांगतो, चेहऱ्याला लावूच नका! त्वचा पातळ होते, मुरमं उलट वाढतात. दुखऱ्या गाठी असतील तर त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा.