करडांना ऊब द्या, कोंडू नका



दिवाळी सरली, गव्हाची पेरणी झाली, आणि आता थंडी अंगावर आली आहे. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आपण हिवाळ्यात ऐकतोच. आमच्या सिन्नर-संगमनेरच्या पट्ट्यातही पहाटे हात पाण्यात घालवत नाही. घरात आपण गोधड्या काढल्या, लेकरांना कानटोप्या घातल्या. आज बोलायचं आहे ते गोठ्यातल्या लेकरांबद्दल, म्हणजे करडांबद्दल.

शेळी साधारण १५० दिवस, म्हणजे पाच महिने गाभण असते. आषाढात लागलेली शेळी मार्गशीर्षात विते, श्रावणात लागलेली पौषात. पावसाळ्यात हिरवा पाला मिळतो, शेळ्या अंगानं भरतात, माजावर येतात, आणि त्यांची करडं नेमकी कडाक्याच्या थंडीत जमिनीवर पडतात. त्यामुळे पुढचे दोन महिने आपल्यातल्या कितीतरी जणींच्या गोठ्यात रात्री-अपरात्री करडं जन्मणार आहेत.

घरातलं दूध डेअरीला जातं, कांदा बाजार समितीत जातो, आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशात जातात ते आपल्याला माहीत आहे. शेळीचा पैसा मात्र बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. त्यातून पोरीची फी जाते, दवाखाना होतो, गटाचा हप्ता फिटतो. आपण गटातून शेळीसाठी कर्ज घेतो ते शेळीकडे बघून, पण ते फेडतात करडं. गटाच्या वहीत शेळीचं कर्ज लिहिलेलं असतं. मेलेलं करडू कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. ते बाई एकटीच मनात लिहून ठेवते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या एका गटातल्या दोन घरांत आम्ही जे पाहिलं, ते सांगतो. एका ताईंनी गटाचं कर्ज काढून शेळ्या घेतलेल्या. थंडी पडली तशी त्यांनी मोठ्या मायेनं गोठा चारी बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदानं बंद केला. फट म्हणून ठेवली नाही. आत गेलं की खरंच ऊबदार वाटायचं. पण पंधरा दिवसांत करडं खोकायला लागली, नाकं गळायला लागली, आणि चारांतली दोन गेली. पलीकडच्या वस्तीवर एका मावशींचा गोठा. वर जुने पत्रे, भिंती तुराट्यांच्या, त्याही कमरेएवढ्याच शेणानं लिंपलेल्या. वर सगळं मोकळं. रात्री तिथं उभं राहिलं तर आपल्याला हुडहुडी भरेल. पण मावशींची तिन्ही करडं ठणठणीत होती.

लोक म्हणाले, नशीब. आम्हाला ते पटलं नाही. आम्ही पशुसखीला बरोबर घेऊन पहाटे दोन्ही गोठ्यांत जाऊन बसलो. उभं राहिलो नाही, करडाच्या उंचीला खाली बसलो. प्लॅस्टिकच्या गोठ्यात डोळे चुरचुरले. मुताचा उग्र वास तिथं खाली कोंडला होता. वर पाहिलं तर कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते. शेळ्यांच्या श्वासाची वाफ कागदाला लागून गार होत होती आणि टपटप करडांच्या पाठीवर पडत होती. खाली लेंड्या ओल्या, वर अंग ओलं, आणि श्वासात तो वास. मावशींच्या गोठ्यात खाली बसलो तर वारा लागत नव्हता, जमीन कोरडी होती, आणि वरच्या मोकळ्या जागेतून वाफ निघून जात होती.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं मुख्य एवढंच आहे. नुसत्या गार हवेनं धडधाकट करडू सहसा मरत नाही. त्याला मारते ती ओल, अंगावर येणारा वारा, रिकामं पोट आणि कोंडलेली हवा. म्हणून गोठा बंद करायचा नाही. खालून आडोसा करायचा आणि वरून मोकळा ठेवायचा.

आता हे कसं करायचं ते एकेक करून सांगतो.

आधी जमीन. करडू दिवसातला बराच वेळ बसून असतं. खाली ओल किंवा गार फरशी असेल तर अंगातली ऊब जमीनच ओढून घेते. रोज सकाळी लेंड्या आणि ओला भाग झाडून काढा. आठवड्यातून एकदा चुना भुरभुरा. संध्याकाळी वीतभर जाड कोरडा थर पसरा. भाताचा पेंढा असेल तर उत्तम, नाहीतर वाळलेलं पाचट, गव्हाचा भुसा, भुईमुगाची टरफलं, घरात जे असेल ते. ओलं झालं की बदलायचं. थर बरा आहे का हे बघायची सोपी रीत म्हणजे त्यावर गुडघे टेकून थोडा वेळ बसायचं. लुगड्याला ओल लागली तर करडालाही लागते. सिमेंटची फरशी असेल तर जुन्या फळ्या किंवा मोडकी बाज टाकून त्यावर गोणपाट आणि पेंढा घाला.

दुसरा वारा. थंडीतलं बोचरं वारं आपल्याकडे उत्तरेकडून येतं. त्या बाजूला जमिनीपासून शेळीच्या डोक्याएवढा, म्हणजे साधारण तीन फूट, पक्का आडोसा करा. तुराट्या, पऱ्हाट्या, गोणपाट, जुनी ताडपत्री काहीही चालेल. त्याच्या वर, छपराखाली, हातभर जागा मोकळी सोडा. तिथून वाफ आणि वास बाहेर जाईल. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची बाजू उघडी ठेवली की दिवसा ऊन आत येतं आणि जमीन वाळते. पडदा लावलाच तर ऊन आल्यावर रोज गुंडाळून ठेवायचा.

तिसरी गोष्ट, करडांची वेगळी निजायची जागा. मोठ्या शेळ्यांच्या गर्दीत करडू चेंगरतं, आणि मोठ्या गोठ्यात त्याच्या अंगची ऊब टिकत नाही. आपल्या आज्या करडं डालग्याखाली झाकायच्या, ते उगाच नाही. छोट्या जागेत दोन-तीन करडं एकमेकांना बिलगून बसली की तीच शेगडी होते. डालगं विणलेलं असतं, त्यातून हवाही खेळते. डालगं नसेल तर लाकडी खोका आडवा ठेवा, तोंडाला अर्धं गोणपाट सोडा, आत पेंढा भरा. रात्री पाजायला मात्र आईजवळ सोडायचंच.

चौथी गोष्ट सगळ्यात मोठी. करडू जन्मल्यावरचा पहिला तास. ते ओलंचिंब असतं आणि आईच्या पोटातल्या उबेतून एकदम थंडीत येतं. आधी नाकातोंडातला चिकटा पुसा. शेळीला चाटू द्या, आणि आपणही कोरड्या फडक्यानं चोळून अंग वाळवा. चोळण्यानं रक्त खेळतं, करडू हुशारतं. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. आणि मग लगेच, तासाभराच्या आत, चीक पाजा.

इथं एक जुनी समजूत सांगावीच लागेल. जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, असं अजून पुष्कळ घरांत म्हणतात. जार पडायला कित्येक तास लागू शकतात. तेवढा वेळ करडू उपाशी राहिलं तर थंडीच्या रात्री ते सकाळ बघणार नाही. आईच्या पोटात असताना करडाला रोगाशी लढायची ताकद मिळालेली नसते, ती चिकातून मिळते. आणि करडाचं आतडं ती ताकद पहिल्या दिवशीच ओढून घेऊ शकतं, त्यातही पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या २४ तासांत निदान २०० मिली चीक जायला हवा, तोही थोडा थोडा, चार-पाच वेळा. सासूबाई नाही म्हणाल्या तर भांडू नका. त्यांना म्हणा, आत्याबाई, चीक ओढला की शेळीची पिशवी आवळते, जार पडायलाही मदतच होते. हे खरंच आहे.

पाचवी गोष्ट, करडू गारठलं हे ओळखायचं कसं. माणसाचं अंग ९८-९९ अंश फॅरनहाइट असतं, करडाचं १०२-१०३. म्हणजे धडधाकट करडू आपल्या हाताला गरम लागलं पाहिजे. त्याच्या तोंडात स्वच्छ बोट घाला. आत गरम लागलं आणि त्यानं बोट चोखलं तर चिंता नाही. तोंड गार लागलं, करडू कुबड काढून उभं राहिलं किंवा मान टाकून पडलं, तर ते गारठलं आहे. अंग १०० च्या खाली गेलं की काळजी, आणि ९९ च्या खाली गेलं की घाई करायची.

अशा करडाला लगेच दूध ओतू नका. गारठलेल्या करडाला नीट गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं, पोटातही पचत नाही. आधी अंग कोरडं करा. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशीला ठेवा आणि वरून गोधडी घाला. बाटली आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, चटका बसता कामा नये. अंग उबदार झालं, मान उचलली, बोट चोखायला लागलं की मग आईचा कोमट चीक पाजा. तासाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना बोलवा. जन्मून बरेच तास झालेलं, उपाशी राहून गारठलेलं करडू असेल तर थांबूच नका, आधी फोन करा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा फोन फुकट आहे, तो सगळ्या जणींनी पाठ करा.

अंगावर घालायला जुन्या स्वेटरची बाही किंवा गोणपाटाची झूल चालते. पण आईनं चाटून, हुंगून आपलं लेकरू ओळखल्यावरच ती घाला. आई वासावर ओळखते. झूल ओली झाली की लगेच काढा, कारण ओली झूल उघड्या अंगापेक्षा वाईट.

सहावी गोष्ट आईची. शेळीच्या पोटात कडबा, भुसकट यांसारखा कोरडा चारा पचतो तेव्हा ऊब तयार होते. संध्याकाळी कडबा किंवा हरभऱ्याचं, तुरीचं भुसकट पोटभर दिलं तर ती रात्रभर आतून तापलेली राहते. पाणी पहाटेचं गार देऊ नका, थोडं कोमट द्या, म्हणजे ती भरपूर पिते आणि दूध उतरतं. दवानं भिजलेल्या चाऱ्यात सकाळी लवकर सोडू नका, ऊन पडून दव वाळल्यावर सोडा.

आता शेकोटीबद्दल. गोठ्यात शेकोटी पेटवू नका. धुरानं करडांची छाती भरते, आणि पेंढ्यावर एक ठिणगी पडली तर सगळा गोठा जातो. दिव्याचं म्हणाल तर एलईडीचा बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब असेल तर तो जाळीत बसवून करडांपासून निदान दोन हात उंच टांगा, आणि वायर शेळीच्या तोंडाला लागणार नाही अशी बांधा. वीज रात्री जाते हे धरूनच चाला. पेंढा आणि डालगं मात्र वीज गेली तरी ऊब देतात.

इतकं करूनही करडू खोकलं, नाक गळालं, धाप लागली, दूध सोडलं, अंग १०४ च्या वर गेलं, तर ओवा-हळदीवर दिवस काढू नका. छातीचा आजार करडाला दोन दिवसांत नेतो. त्याच दिवशी डॉक्टर.

शेवटी गटाचं काम. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की पाच मिनिटं काढा. गटाच्या पैशातून एक छोटी पेटी करा. त्यात एक थर्मामीटर, टिंक्चर आयोडीनची बाटली, निपल असलेली दुधाची बाटली, दोन कोरडे टॉवेल. पेटी वस्तीच्या मधोमध असलेल्या घरी ठेवा. वहीत एक नवं पान उघडा. कुणाची शेळी कधी विणार, किती करडं झाली, किती जगली, गेलं तर कशानं गेलं, हे लिहा. ज्या घरात बाई एकटी आहे किंवा बाळंतीण आहे, तिची शेळी विणार असेल तर शेजारच्या दोघींची नावं त्या तारखेपुढे टाका. रात्री दोन वाजता उठायला सोबत असली की थंडीही कमी वाजते.

पौष संपेपर्यंत हे पान भरत राहा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमाल तेव्हा ते सगळ्यांसमोर वाचा.

तुमच्या गोठ्यातली सगळी करडं होळीपर्यंत उड्या मारू देत. रामराम.