एका प्रश्नाला किती विषय लागतात?

(महाविद्यालयीन शिक्षक व कार्यकर्त्या यांच्या बैठकीतील भाषण)

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या शाखेबाहेरचे विषयही घ्यावे लागतात. चांगलंच आहे. पण रसायनशास्त्राशेजारी इतिहासाचा एक पेपर ठेवला, की आंतरविद्याशाखीय शिक्षण झालं का? एक अनुभव सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी ऊसतोड बायकांमध्ये काम करते. एका महाविद्यालयाने मला ‘महिला सक्षमीकरण’ या विषयावर दोन तास दिले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हे आकडे मी फळ्यावर लिहिले.

बीजांडकोशही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हे विज्ञानाच्या मुलींना ठाऊक होतं. ‘खाडा’ ठाऊक नव्हता. अर्थशास्त्राच्या मुलांना ‘उचल’ कळली. पण नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला, की बाईच्या मजुरीचा वेगळा हिशेबच राहत नाही, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

मागच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “आमच्याकडे पिशवी म्हणतात. पाळीतही खाडा परवडत नाही. आईनं काढलीय.”

वर्गात सगळ्यांत जास्त तिलाच माहीत होतं. तीन वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं.

स्त्री-अभ्यासाची सुरुवात आठवा. १९७४ साली भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा ‘समानतेकडे’ हा अहवाल आला. त्याच वर्षी एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्रीविषयक संशोधन सुरू झालं. बाईच्या जगण्याचा प्रश्न आधी होता. त्यासाठी कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य एकत्र आणावं लागलं.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. अभ्यासक्रम प्रश्नापासून सुरू करा. दोन विषयांचे शिक्षक एकाच वर्गात, एकाच वेळी उभे राहू द्या. एकमेकांशी वादही घालू द्या. आणि विद्यार्थी वस्तीवर गेले, तर त्यांनी जे लिहिलं ते त्या बायकांना वाचून दाखवलंच पाहिजे. बायका म्हणजे नमुने नव्हेत.

आपणही पाहुण्या व्याख्यात्या म्हणून दोन तास बोलून परतायचं नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकीत आपल्याला जागा हवी, आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीलाही.