चर्चा मंडळ टिकवायचे कसे?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कपाशीवर कीड दिसली की आपण बोंड खिशात घालून दुकान गाठतो आणि मिळेल ती बाटली आणून फवारतो. तीच बाटली शेजाऱ्याच्या शेतात मागच्या आठवड्यात वाया गेलेली असते, पण ते आपल्याला ठाऊक नसते. हा खर्च टाळायचा तर गावात शेतकऱ्यांचे चर्चा मंडळ हवे.

ही कल्पना आपल्याच मातीतली आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पंधरा-वीस गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि काय करायचे ते ठरवीत. नुसते ऐकून उठायचे नाही, हे त्यातले मर्म होते.

मंडळ स्थापन करणे सोपे, टिकवणे अवघड. तिसऱ्या बैठकीनंतर सतरंजी गुंडाळली जाते, ती बहुधा लांबलेल्या भाषणांमुळे. म्हणून पुढील गोष्टी पाळा.

१. सभासद पंधरा ते वीसच ठेवा. एक निमंत्रक नेमा व तो दर हंगामाला बदला.

२. दिवस ठरलेला असावा. अनेक गावांत अमावस्येला औत धरत नाहीत. तोच दिवस धरा. वेळ मात्र भगिनींना सोयीची ठेवा. निंदणी-वेचणी त्या करतात, त्यामुळे कीड आधी त्यांच्याच नजरेस पडते.

३. बैठक शेतावर घ्या आणि विषय एकच ठेवा. मे महिन्यात सोयाबीनची उगवणशक्ती तपासा. प्रत्येकाने घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आधी ठेवावेत व बैठकीला घेऊन यावेत. ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवले असतील तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरता येते. कपाशी पात्यांवर आली की हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले, तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजा. मोजणीची पाळी वाटून घ्या.

४. पाहुण्या तज्ज्ञाला वीस मिनिटे द्या, उरलेला वेळ प्रश्नांना. बैठकीत कोणत्याही मालाची विक्री होऊ देऊ नका.

५. प्रत्येक बैठकीत एकाने तरी आपले काय चुकले ते सांगावे. यशाची गोष्ट सगळेच सांगतात. पण फसलेल्या फवारणीची एक गोष्ट वीस घरांचा पैसा वाचवते. सांगणाऱ्याला कोणी हसू नये, ही जबाबदारी निमंत्रकाची.

६. उठण्यापूर्वी कोणी काय करून पाहायचे ते वहीत लिहा. पुढची बैठक त्याच पानापासून सुरू करा.

मोबाईलवरचा गट निरोपापुरता ठेवा. छायाचित्रातले बोंड फोडून आतली अळी पाहता येत नाही.

बंधू-भगिनींनो, मंडळाला इमारत लागत नाही की अनुदान लागत नाही. येत्या अमावस्येला पाच जण एका बांधावर जमा. शंका उरली तर वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात या. एकट्याच्या तोंडी प्रश्नापेक्षा वीस शेतांच्या नोंदींवर आम्हालाही नेमका सल्ला देता येतो.