वर्षाला एक डॉलर



आजची गोष्ट एका डॉलरची आहे.
वर्षाला फक्त एक डॉलर.

साल १८८६.
पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या.
निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचं.
पण त्यानंतरही रमाबाई काही काळ तिथेच राहिल्या.
गावोगाव व्याख्यानं दिली.
आपल्याकडच्या बालविधवांचे हाल त्यांनी तिथल्या बायकांना सांगितले.

ऐकणाऱ्या हळहळल्या.
रमाबाईंना या मुलींसाठी शाळा काढायची होती.
पण नुसत्या हळहळीवर शाळा चालत नाही.
म्हणून १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली.
ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ नावाची मंडळं निघाली.
सभासदांचं वचन एकच.
वर्षाला निदान एक डॉलर,
आणि तोही सलग १० वर्षं.

श्रोतेहो, मला ही १० वर्षं फार मोलाची वाटतात.
एकदाच आलेल्या देणगीतून जागा घेता येते.
पण रोजचं जेवण, शिक्षकांचा पगार, वह्या-पुस्तकं,
हा खर्च थांबत नाही.
मुलीचं शिक्षणही एका वर्षात पुरं होत नाही.
तिथे उपयोगी पडते छोटी रक्कम.
अनेकांची, आणि दरवर्षी न चुकता येणारी.

या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंचं बालविधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं.
पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई.
१८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला.
याच आपल्या बाया कर्वे.
पुढे विधवांच्या शिक्षणासाठी कर्व्यांनी काढलेल्या संस्थेसाठी
बाया स्वतः वर्गणी मागायला बाहेर पडल्या.