हिऱ्याच्या पोटातले आणि स्फोटाच्या पोटातले
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



ध्रुवीकरण म्हटले की निवडणुका आठवतात, म्हणून आम्ही ‘ध्रुवण’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द घेतो. दोरी हलवावी तशी प्रकाशाची लहर कुठल्याही दिशेला हलते. सगळ्या दिशा मिसळल्या की साधा प्रकाश, एक दिशा वरचढ झाली की ध्रुवित. आपल्या वराछा-कतारगामच्या हिरेबाजाराला हे नवे नाही. दोन ध्रुवक काचांमध्ये हिरा धरला की आतला ताण नक्षीसारखा दिसतो. खाणीतला की लॅबमधला हे ओळखायला त्याची मदत होते, आणि हिरा फोडावा लागत नाही.

आकाशातही तीच युक्ती. अवाढव्य तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा भडका उडतो. तो बहुधा काही सेकंदांचा. मागे धग उरते, तिला पश्चदीप्ती म्हणतात. अंतर अब्जावधी प्रकाशवर्षे, त्यामुळे दुर्बिणीत नुसता ठिपका. आतले चुंबकीय क्षेत्र सरळ की विस्कटलेले, याचा माग ध्रुवणावरून लागतो. मे 1999 मधल्या स्फोटाची धग बऱ्याच तासांनी मोजली, तेव्हा ध्रुवण जेमतेम 1.7 टक्के निघाले. मार्च 2012 मध्ये ला पाल्मा बेटावरची दुर्बीण आपोआप वळली आणि चार मिनिटांत मोजमाप सुरू झाले, तर 28 टक्के! स्फोट वेगळे होते हे खरे, पण पंचनाम्याला उशीर झाला की काय होते ते आम्हा सरकारी माणसांना ठाऊक आहे.

आता आपल्याकडचे काम. 28 सप्टेंबर 2015 रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह उडाला. त्यावरचे सीझेडटीआय यंत्र मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचे आयुका, अहमदाबादची पीआरएल आणि इतर संस्थांनी मिळून केलेले. ते पश्चदीप्ती नव्हे, मूळ भडकाच मोजते. त्यात सोळा हजारांवर चौकटी, प्रत्येक सुमारे अडीच मिलिमीटरची. किरण एका चौकटीत आपटून शेजारच्या चौकटीत उडतो. कोणत्या बाजूला जास्त उडाले हे मोजायचे. कॅरम खेळणाऱ्याला अधिक सांगायला नको.

पहिल्या वर्षातल्या 11 स्फोटांपैकी बऱ्याच स्फोटांत ध्रुवण भरपूर दिसले. पुढे पाच वर्षांतले 20 स्फोट तपासले, तर बहुतेकांत कमी किंवा शून्य. त्याच शास्त्रज्ञांनी ते तसेच छापले. आमच्या मते ही गोष्ट यंत्राइतकीच मोठी. आधीच्या अहवालाला छेद देणारा अहवाल स्वतःच लिहायचा, हे किती कार्यालयांत होते?

कारण काय असावे? एक शक्यता अशी की भडका चालू असतानाच दिशा फिरते आणि बेरजेत सगळे एकमेकांना खोडते. 21 ऑगस्ट 2016 च्या स्फोटात ती दोनदा फिरलेली आढळली. प्रश्न अजून मिटलेला नाही. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने दोन उपग्रहांच्या ‘दक्ष’ मोहिमेचा प्रस्ताव आहे. ही यंत्रे उभी करायला आमच्यासारखे डिप्लोमावालेही लागतात, हे पालकांनी ऐकून ठेवावे.

मंडपाच्या दाराशी दोन ध्रुवक काचा ठेवल्या आहेत. आरतीनंतर मुलांनी कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी मध्ये धरून पाहावी. काचेवर बोटे मात्र उमटवू नयेत, प्रसादाची तर मुळीच नाहीत.