अपमान आणि भूक

दुःखांत अन्नावरची वासना उडते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु याच्या उलट प्रकारहि घरोघर दिसतो. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस घरीं येऊन मुकाट्यानें फराळाच्या डब्याकडे वळतो, आणि वडील मंडळी त्याला खादाड ठरवून मोकळी होतात. हा खरोखर जिभेचाच दोष आहे काय? शास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा माग थेट जठरापर्यंत नेला आहे.

१९९९ सालीं मासायासु कोजिमा व केंजी कांगावा या जपानी संशोधकांनीं उंदराच्या जठरांतून एक अंतःस्राव वेगळा काढला. त्याचें नांव घ्रेलीन. पोट रिकामें असतां रक्तांत त्याचें प्रमाण वाढतें आणि तें मेंदूला भुकेची वर्दी देतें. पण या जासुदाचें काम तेवढ्यावरच संपत नाहीं. मेंदूच्या ज्या भागांतून सुखाची ओढ उत्पन्न होते, तेथेंहि त्याचा प्रवेश आहे.

२००८ सालीं अमेरिकेंत डॅलस येथील जेफ्री झिगमन व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान उंदराला रोज थोडा वेळ एका दांडग्या, भांडखोर उंदरापुढें सोडावयाचें. तो हार खाऊन दबला, कीं मध्यें भोंकें पाडलेला पडदा घालून त्याला शत्रूच्या शेजारींच ठेवावयाचें. असे दहा दिवस गेले. या उंदरांच्या रक्तांत घ्रेलीन वाढलें व ते अधिक खाऊं लागले. मात्र घ्रेलीनचा निरोप ग्रहण करण्याची सोयच ज्यांच्यांत जन्मतः नव्हती, त्यांची भूक वाढली नाहीं. उलट ते अधिक खचले आणि स्वजातीयांना अधिकच टाळूं लागले. तात्पर्य, अपमानानंतर वाढणारा हा रस मनाला सावरून धरीत होता. वाढलेली भूक ही जणूं त्या मदतीची किंमत होती.

म्हणून या रसाला अमृत समजण्याचें कारण नाहीं. रोज कांहीं तास जखडून ठेवलेल्या उंदरांत घ्रेलीन दीर्घकाळ वाढलेलें राहतें आणि त्यामुळें भीति अधिक खोल रुजते, असें अमेरिकेंतीलच की ॲन गूसेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं दाखविलें. संकटाच्या रात्रीं उपयोगी पडणारा पहारेकरी कायमचा घरांत राहिला, तर त्याचाच जाच होतो.

उंदराचें मन म्हणजे मनुष्याचें मन नव्हे; तेव्हां या प्रयोगांवरून माणसाविषयीं एकदम निकाल देणें घाईचें होईल. तथापि जठर व मेंदू यांच्यांत निरोपांची देवघेव अखंड चालते, आणि अवेळीं लागलेली प्रत्येक भूक ही लोभाची खूण नसते, एवढें खास. शाळेंतून उतरल्या चेहऱ्यानें आलेल्या मुलास खाण्यावरून टोंचणें, म्हणजे एका अपमानावर दुसऱ्याची भर घालणें होय. त्याला पोटभर वाढावें, आणि बाहेर काय घडलें तें सावकाश विचारावें.