पवनारचा पहिला सत्याग्रही

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात धाम नदीकाठचं पवनार येतं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी या गावात विनोबा भावे सभेत उभे राहिले आणि इंग्रजांच्या लढाईला माणसं देऊ नका, पैसा देऊ नका, असं त्यांनी लोकांना सांगितलं. वैयक्तिक सत्याग्रहातलं हे पहिलं भाषण. चार दिवसांनी अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा.

गांधीजींनी हाक दिली असती तर हजारोंनी तुरुंग भरले असते. त्यांनी निवडला एकच माणूस, तोही देशात फारसा कुणाला ठाऊक नसलेला. दुसरं नाव होतं जवाहरलाल नेहरूंचं, यावरून काय ते समजा! मागणी एवढीच, की युद्धाविरुद्ध बोलू द्या. सत्याग्रही खादी वापरणारा, सूत कातणारा हवा. कुठे आणि केव्हा बोलणार हे त्यानं सरकारला आधी कळवायचं. फौजेच्या छावण्यांत शिरून प्रचार करायचा नाही, हे गांधीजींनी खुद्द व्हाइसरॉयना सांगितलं होतं. म्हणजे ज्याला लढाईवर जायचं त्यानं खुशाल जावं. मला मात्र माझं म्हणणं मांडू द्या. व्यक्तिस्वातंत्र्याचा इतका स्वच्छ हिशेब मला दुसरीकडे सापडत नाही. ‘माझी मर्जी’ म्हणणाऱ्याला दुसऱ्याच्या मर्जीची आठवण सहसा राहत नाही.

सरकारनं सत्याग्रहाच्या बातम्यांवर बंधनं घातली, तेव्हा गांधीजींनी आपलं ‘हरिजन’ साप्ताहिकच थांबवलं.

पुढची गोष्ट अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. आणीबाणीत विनोबा मौनात होते. ‘अनुशासन पर्व’ हे त्यांचे दोन शब्द सत्ताधाऱ्यांनी गावोगाव भिंतींवर रंगवले. शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं, असा खुलासा पुढे झाला. पण तोवर भिंती रंगून गेल्या होत्या. ज्यानं बोलण्याच्या हक्कासाठी पहिली अटक पत्करली, त्याचेच शब्द लोकांची तोंडं बंद ठेवण्याच्या कामी आले. ते थोडे आधी आणि स्पष्ट बोलायला हवे होते, असं मला वाटतं. त्यांचे अनुयायी रागावतील, रागावोत.

आणि १९७६ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपवास करण्याचा विनोबांचा निर्धार आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकात छापला गेला, तेव्हा पोलीस पवनारला आले आणि अंक जप्त करून घेऊन गेले. सरकार या खेपेला आपलंच होतं.